जर्मनीतला हिवाळा आणि गाडीचे टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे टायर एकदाच बदलतात, गोटा झाल्यावर. जर्मनीत आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरमध्ये ऑफिसमधला कुणीतरी विचारतो, "टायर बदलले का?" आणि आपण गोंधळतो, कारण टायर तर चांगले असतात. स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफुर्टकडे नव्याने आलेले आणि पहिली जुनी गोल्फ किंवा पोलो घेतलेले लोक दरवर्षी जे विचारतात, त्याची ही उत्तरं. काही ठिकाणी माझी मतंही आहेत, ती ओळखू येतील.

विंटर टायर कोणत्या तारखेपासून सक्तीचे आहेत?

तारीख नाही. जर्मन वाहतूक नियमावलीत महिना लिहिलेलाच नाही, परिस्थिती लिहिली आहे: काळा बर्फ (रस्त्यावरचा पटकन न दिसणारा पातळ थर), रस्त्यावर दाबला गेलेला बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा दवाचा गोठलेला थर. यातलं काहीही रस्त्यावर असेल तर विंटर टायरशिवाय गाडी चालवायची नाही. मग तो नोव्हेंबर असो की एप्रिल. डिसेंबरात रस्ता कोरडा असेल तर समर टायरवर गाडी चालवणं बेकायदा नाही, आणि बर्फात समर टायरवर गाडी नुसती उभी असेल तरीही दंड नाही.

लोक "ऑ ते ऑ" म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर). तो कायदा नव्हे, अंगवळणी पडलेली सोय आहे. पण सोय चांगली आहे, कारण सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना तुम्ही टायर बदलू शकत नाही.

पकडलं तर दंड किती?

60 युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत (चालकांच्या चुकांची देशभराची नोंद) 1 पॉइंट. रस्ता अडवलात तर 80, कुणाला धोका झाला तर 100, अपघात झाला तर 120. गाडी तुमच्या नावावर असून मित्राला तशीच चालवायला दिलीत, तर मालक म्हणून तुम्हालाही 75 युरो आणि 1 पॉइंट. ही शेवटची गोष्ट चारजणांत एक गाडी वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी नीट वाचावी.

पैशाचा खरा फटका विम्यात बसतो. समोरच्याचं नुकसान तुमचा थर्ड पार्टी विमा भरतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दाव्यात कंपनी निष्काळजीपणा काढून रक्कम कापू शकते.

माझ्या टायरवर "एम+एस" लिहिलंय. चालेल ना?

आता नाही. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं कंपनी स्वतः छापते, त्यासाठी कुठलीही ठरावीक चाचणी द्यावी लागत नाही. 2017 च्या अखेरपर्यंत बनलेल्या अशा टायरना 30 सप्टेंबर 2024 पर्यंत सवलत होती, ती संपली. आता टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. त्याला आल्पाइन चिन्ह म्हणतात, आणि ते बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं.

सेकंड हँड गाडी घेताना विकणारा "विंटर टायर सोबत देतो" म्हणाला, तर तळघरात जाऊन आधी हे चिन्ह शोधा, मग भाव करा.

सात अंशांखाली समर टायर निकामी होतो हे खरं आहे का?

अर्धं खरं. समर टायरचं रबर थंडीत कडक होतं, जसं खोबरेल तेल जानेवारीत बाटलीत घट्ट बसतं. विंटर टायरच्या मिश्रणात सिलिका आणि मऊ राहणारे घटक जास्त असतात, त्यामुळे तो उणे तापमानातही लवचीक राहतो. पण सात हा आकडा लक्ष्मणरेषा नाही. कोरड्या डांबरावर पाच अंशांतही चांगला समर टायर अनेकदा विंटर टायरपेक्षा लवकर थांबतो. खेळ बदलतो तो ओल्या थंडीत, आणि बर्फावर तर तुलनाच उरत नाही: तिथे समर टायरला थांबायला ढोबळमानाने दुप्पट अंतर लागतं.

रबराइतकंच महत्त्व नक्षीला आहे. दुकानात विंटर टायर दिसला तर अंगठ्याने त्याचा एक ठोकळा दाबून बाजूला ढकला. ठोकळ्यावर नागमोडी, कागदाइतक्या बारीक चिरा दिसतील, ढकलल्यावर त्या उघडतात. चाक फिरताना अशा शेकडो चिरांच्या कडा बर्फाला चावतात. रुंद खाचांमध्ये बर्फ भरतो आणि तो भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. समर टायरचा ठोकळा सलग असतो, कारण त्याला गरम डांबरावर न डुगडुगता वळायचं असतं. दोन्ही गुण एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत, आणि पुढच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

मग ऑल-सीझन टायर घेऊन मोकळं का होऊ नये?

होता येतं, पण आधी आपण कुठे राहतो आणि कुठे जातो ते बघा. सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात आणि दोन्ही बाजू आपापल्या गावापुरत्या बरोबर असतात.

क्योल्न, ड्युसेलडॉर्फ किंवा हाम्बुर्गच्या शहरात राहता, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवता, बर्फ पडला तर ट्रामने जाऊ शकता: ऑल-सीझन घ्या. आल्पाइन चिन्ह असलेला ऑल-सीझन टायर कायद्याने पूर्ण विंटर टायर आहे. वर्षातून दोनदा अपॉइंटमेंट नाही, दुसरा सेट ठेवायला जागा नको. 2015 मध्ये मिशलँनं क्रॉसक्लायमेट आणल्यापासून या प्रकाराची गुणवत्ता खूप वर गेली आहे आणि पूर्वीचा "धड ना हे धड ना ते" हा शेरा आता सरसकट लागू होत नाही.

पण स्टुटगार्टचं उदाहरण घ्या. शहर खोलगट भागात आहे, खाली बर्फ टिकतच नाही. तुम्ही म्हणाल, मला कशाला विंटर टायर. मग शनिवारी उल्मला मित्राकडे जायला निघता. आ-8 महामार्ग श्वेबिशे आल्बचा घाट चढतो आणि साडेसातशे मीटरच्या वर जातो. खाली रिमझिम पाऊस असतो, वर तोच पाऊस बर्फ झालेला असतो आणि ट्रक आडवे होऊन अडकलेले असतात. त्या चढावर तुमच्या घरासमोरचं हवामान कामाचं नाही. श्वार्त्सवाल्ड, आल्गॉय, हार्त्स, एर्त्सगेबिर्गं अशा डोंगराळ भागांत राहणारे किंवा दर पंधरवड्याला तिकडे जाणारे, स्कीइंगची आवड लागलेले, आणि पहाटेच्या शिफ्टला महामार्गाने जाणारे यांनी खरा विंटर सेट घ्यावा. उन्हाळ्यात ऑटोबानवर 160 ने जाणाऱ्यांनीही दोन सेट ठेवावेत, कारण पस्तीस अंशांत मऊ रबराचं ब्रेकिंग लांबतं.

खर्चाचं म्हणाल तर दोन सेटमध्ये प्रत्येक सेट निम्माच झिजतो. म्हणजे टायरचे पैसे जवळपास तेवढेच जातात, जास्तीचे जातात ते रिम, बदलण्याची मजुरी आणि साठवण यांवर. कमी चालवणाऱ्याला ते जड जातं, जास्त चालवणाऱ्याला जाणवत नाही.

माझी गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे. तरी लागतात?

लागतात. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते लवकर, थांबत मात्र लवकर नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि पकड टायरच देतो. उलट निघताना घसरली नाही म्हणून रस्ता ठीक आहे असं वाटून लोक वेग वाढवतात.

पुढचे दोनच बदलले तर?

नका. पुढे विंटर, मागे समर असं केलंत तर वळणावर गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. चारही एकाच प्रकारचे हवेत. दोनच टायर नवे घ्यायची वेळ आली, म्हणजे चारही विंटरच आहेत पण दोन झिजलेत, तर जास्त नक्षीवाले मागच्या अॅक्सलला लावतात. पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून सावरता येतं, मागची घसरली तर सावरायला वेळ मिळत नाही.

साइझ कुठली घ्यायची? टायरवरचे आकडे कळत नाहीत.

समजा 205/55 आर16 91व्ही. 205 ही मिलिमीटरमध्ये रुंदी. 55 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के. 16 इंच रिम. 91 हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर 615 किलो. व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत चालेल. एच म्हणजे 210, टी म्हणजे 190.

गाडीच्या नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात रकाना 15.1 आणि 15.2 मध्ये पुढच्या-मागच्या टायरचा साइझ असतो, पण तिथे एकच असतो. गाडीला चालणारे बाकीचे साइझ सीओसी नावाच्या कागदात असतात. तो कागद गाडी घेताना मागून घ्या. कारण उन्हाळ्यात 18 इंची रुंद टायर असलेल्या गाडीला हिवाळ्यासाठी बहुतेकदा 16 किंवा 17 इंची चालतो, आणि तो बराच स्वस्त पडतो. बाजू जाड असल्याने खड्ड्यात रिमही कमी वाकते. फक्त ब्रेकच्या आकारामुळे एका मर्यादेखाली जाता येत नाही, ते त्या कागदातच कळतं.

विंटर टायरला वेगाची सवलत आहे. गाडी 220 ने जाऊ शकत असली तरी 190 चा टी टायर लावता येतो, पण मग कमाल वेगाचा स्टिकर चालकाला दिसेल असा डॅशबोर्डवर हवा. भाराच्या निर्देशांकात मात्र सवलत नाही. इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात, तिथे हा आकडा आधी बघा.

रिमसकट दुसरा सेट घेऊ, की त्याच रिमवर टायर चढवत-उतरवत राहू?

रिमसकट. साधी लोखंडी रिम घ्या, दिसायला गरीब असली तरी मीठ सोसते. गॅरेजला फोन करताना दोन शब्द वेगळे आहेत हे लक्षात ठेवा: रिमसकट चाक बदलणं म्हणजे राडवेक्सेल, आणि रिमवरून टायर काढून दुसरा चढवून बॅलन्सिंग करणं म्हणजे राइफेनवेक्सेल. दुसऱ्याला वेळ आणि पैसे दोन्ही जास्त. दर सहा महिन्यांनी टायरची कड ताणून चढवणं टायरलाही मानवत नाही.

अपॉइंटमेंट सप्टेंबरातच घेऊन ठेवा. रेडिओवर पहिल्या बर्फाची बातमी आली की त्या दिवशी सगळ्या गावाला टायर आठवतात आणि मग दोन-तीन आठवडे नंबर लागत नाही.

टायर बदलल्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय.

हवेच्या दाबाचा. युरोपात 1 नोव्हेंबर 2014 पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची आहे. ती दोन प्रकारची असते. एकात प्रत्येक चाकात सेन्सर बसवलेला असतो, मग दुसऱ्या सेटलाही स्वतःचे चार सेन्सर हवेत. हा खर्च ऑनलाइन सेट घेताना लोक धरत नाहीत. दुसऱ्यात गाडी चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधते, तिथे हवा भरून मेनूतून रिसेट केलं की दिवा जातो. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे ते खरेदीपूर्वी विचारा.

दिवा नोव्हेंबरच्या पहिल्या थंड सकाळी आपोआपही लागतो, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण 0.1 बार उतरतो. हवा टायर थंड असताना तपासा. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड चिकटवलेला असतो.

घरी स्वतः बदलता येतील का?

येतील. जॅक, पाना आणि टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) एवढंच लागतं, आणि टॉर्क रेंचला पर्याय नाही. पायाने पाना दाबून "बसला घट्ट" ही आपल्याकडची पद्धत इथे नको. किती न्यूटन मीटर ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बोल्ट एकमेकांसमोरचे, आडव्या क्रमाने आवळा, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. टायरच्या बाजूला बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. उतारावर जॅक लावू नका. भाड्याच्या इमारतीच्या अंगणात हे करायची परवानगी आहे का, ते घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

नक्षी किती उरली की टायर टाकून द्यायचा?

कायदा 1.6 मिलिमीटर म्हणतो, समरला आणि विंटरलाही. विंटर टायर मात्र 4 मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फात उपयोगाचा राहत नाही. मोजायला दोन युरोचं नाणं खाचेत उभं घाला. त्याची बाहेरची चंदेरी कड 4 मिलिमीटर रुंद आहे. ती दिसत राहिली तर टायर हिवाळ्यासाठी संपला. आतली-बाहेरची, दोन्ही बाजूची खाच बघा. एकच बाजू घासली असेल तर अलाइनमेंट गेलेली आहे, नवे टायर घालण्याआधी ती करून घ्या.

वय बघायला 'डॉट' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: 3521 म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी रबर वयाने कडक होतं. जुन्या वस्तूंच्या साइटवर "जवळजवळ नवे" म्हणून आठ वर्षांचे टायर विकायला असतात. ते फुकट मिळाले तरी मी घेणार नाही.

काढलेले टायर ठेवायचे कुठे?

थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, पेट्रोल-ऑइलपासून लांब. रिमसकट असतील तर एकावर एक रचा किंवा टांगा. रिमशिवाय असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून थोडे फिरवा. ठेवण्यापूर्वी खाचांतले खडे काढा आणि खडूने प्रत्येकावर जागा लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा. तळघर नसेल तर गॅरेजवाले हंगामाचे पैसे घेऊन ठेवतात. ते परत देताना तुमचेच देतात ना, यासाठी आधी डॉटच्या आकड्यांचा फोटो काढा.

आई-बाबा ख्रिसमसला येताहेत. गाडीने ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली करायचंय.

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि तुमची गाडी जर्मन असली तरी तुम्हाला तिथलाच लागू होतो.

ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर हवेत, आणि नक्षी किमान 4 मिलिमीटर. जर्मनीत 3 मिलिमीटरवर कायदेशीर असलेला टायर कुफश्टाइनला सीमा ओलांडली की विंटर टायर धरलाच जात नाही. इटलीत ब्रेनरच्या आ-22 महामार्गावर 15 नोव्हेंबर ते 15 एप्रिल विंटर टायर लावलेले हवेत किंवा चेन (बर्फात चाकांवर बसवायच्या साखळ्या) डिकीत हव्यात, मग आकाश कितीही निरभ्र असो. फ्रान्समध्ये आल्प्स, जुरा, व्होजसारख्या डोंगराळ भागांतल्या ठरवून दिलेल्या गावांत 1 नोव्हेंबर ते 31 मार्च असाच नियम आहे. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही. पण समर टायरवर अडकून वाहतूक अडवलीत तर दंड आणि अपघाताची जबाबदारी तुमची. लाउटरब्रुनेनकडे जायचं तर गाडी खाली ठेवून रेल्वेने जा. आई-बाबांना तेच जास्त आवडतं.

चेन घ्यायलाच हव्यात का?

फक्त जर्मनीत आणि शहरांत फिरणार असाल तर नकोत. आल्प्समध्ये जाणार असाल तर डिकीत असू द्या. निळ्या गोल पाटीवर चेनवालं चाक दिसलं की जर्मनीत फोर व्हील ड्राइव्हलाही चेन लागते, किमान दोन चालत्या चाकांना, आणि मग वेग ताशी 50 च्या वर न्यायचा नाही. घेतल्यावर एकदा कोरड्या पार्किंगमध्ये बसवून बघा. अंधारात, घाटात, ओल्या हातमोज्यांनी पहिल्यांदा सूचनापत्रक उलगडणं ही वेळ कुणावर येऊ नये.

भाड्याच्या गाडीला विंटर टायर असतातच ना?

गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे असतात आणि बुकिंगमध्ये खूण करावी लागते. पोलिसांसमोर जबाबदारी चालवणाऱ्याची, म्हणजे तुमची. काउंटरवर किल्ली घेतल्यावर डोंगराचं चिन्ह स्वतः बघा.

ब्रँड कुठला?

टायरसोबत येणारं युरोपियन लेबल बघा: इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई असे वर्ग, आवाजाला ए ते सी. बर्फाचं आणि गोठलेल्या रस्त्याचं चिन्ह वेगळं असतं. गोठलेल्या रस्त्याचं चिन्ह स्कँडिनेव्हियासाठी बनवलेल्या जास्त मऊ टायरना मिळतं, ते जर्मन ऑटोबानसाठी नकोत. लेबलवर बर्फावरच्या ब्रेकिंगचे मीटर लिहिलेले नसतात, त्यासाठी आडाक या मोटार क्लबच्या दर वर्षीच्या चाचण्या वाचा. माझ्या मते मधल्या किमतीचा, चाचणीत कुठेही नापास न झालेला टायर पुरे. अगदी तळाच्या किमतीतले ओल्या रस्त्यावर मार खातात, आणि जर्मन हिवाळा बर्फापेक्षा ओलाच जास्त असतो. दुकानात व्रेडेस्टाइन दिसलं तर ते आपल्या अपोलोचंच आहे. 2009 मध्ये अपोलोने ती डच कंपनी विकत घेतली.

हिवाळ्याचे टायर थोडेच उरलेत. उन्हाळ्यात संपवले तर?

जर्मनीत बेकायदा नाही. पण गरम कोरड्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने ब्रेक मारला तर गाडी समर टायरपेक्षा कित्येक मीटर पुढे जाऊन थांबते, आणि टायर खोडरबरासारखा झिजतो. एप्रिल-मे पर्यंत ठीक, जुलैत नको. तसे टायर घालून इटलीला तर जाऊच नका: नोंदणीपत्रापेक्षा कमी वेगाचा निर्देशांक असलेले विंटर टायर तिथे 16 मे ते 14 ऑक्टोबर चालत नाहीत.

भारतात परत गेल्यावर असे टायर लागतील?

महाराष्ट्रात नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेवढ्यासाठी नाहीच. आपल्याकडे प्रश्न पावसाळ्याचा आहे, आणि पाणी कापायला खोल नक्षी लागते, मऊ रबर नाही. मनालीहून अटल बोगद्याकडे किंवा काश्मीरात जानेवारीत जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक लोक चेन लावतात किंवा स्थानिक चालक घेतात, आणि पाहुण्यांसाठी दुसरा मार्ग शहाणपणाचा आहे.

जुने टायर कुठे टाकायचे?

घरच्या कचऱ्यात किंवा जंगलाच्या कडेला नाही, त्याला दंड आहे. नवे बसवताना गॅरेजलाच ठेवून घ्यायला सांगा, प्रत्येकी काही युरो घेतात. नाहीतर गावच्या पुनर्वापर केंद्रावर स्वतः नेऊन द्या. रिमसकट घेतात की टायर वेगळा करून लागतो, ते आधी फोन करून विचारा.